जमिनीचा ओलावा आणि हवामान मोजायला सुरुवात करताना

बरीच वर्षे मी पाण्याची पाळी वरच्या मातीकडे बघून ठरवत होतो. वरची माती पांढरी पडली की पाणी सोडायचे, एवढाच हिशेब. पहिल्यांदा दोन खोलींवर ओलावा मोजला तेव्हा कळले की वर धूळ उडत असताना वीतभर खाली छान वाफसा (मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतील अशी स्थिती) होता आणि हातभर खाली मुळे अक्षरशः पाण्यात उभी होती. पिकाची खालची पाने पिवळी पडत होती म्हणून मी खत वाढवत होतो. मुळांना हवाच मिळत नव्हती, हे त्या आकड्यांनी दाखवले.

त्यानंतर उपकरणे घेतली, चुकीची बसवली, उपटली, पुन्हा बसवली. ज्यांना हे नव्याने सुरू करायचे आहे त्यांचा एखादा हंगाम तरी वाचावा म्हणून हे सगळे क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे: उपकरण फक्त आकडा देते, त्या आकड्याचा अर्थ तुमची जमीन ठरवते. म्हणून खरेदीच्या आधी जमीन ओळखायची.

काय काय लागेल

- माती काढायला गिरमिट (उपकरणाच्या नळीच्या जाडीचे) आणि एक फावडे
- दोन टेन्शिओमीटर (खाली सच्छिद्र कप आणि वर काट्याचा गेज असलेली पाण्याने भरलेली नळी), किंवा दोन खोलींसाठी ओलाव्याचे सेन्सर
- पर्जन्यमापक
- कमाल-किमान तापमापक, जमल्यास आर्द्रतामापकासह, आणि त्याला सावली देणारी हवेशीर पेटी
- ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, घट्ट झाकणाचे डबे
- उकळून गार केलेले पाणी, बादली, मोजपात्र
- खुणेच्या काठ्या आणि रंगीत फडकी
- शेताचा हाताने काढलेला नकाशा आणि एक जाड वही

नकाशा आणि वही यादीत शेवटी आली, पण मी सर्वात जास्त वापरतो त्या याच दोन गोष्टी.

१. आधी जमीन ओळखा

शेतात तीन-चार ठिकाणी मुळांच्या खोलीपर्यंत खड्डे घ्या. दर वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून बघा. हलकी, वाळूसर माती लगेच सुटते. मध्यम मातीचा गोळा होतो, पण टिचकी मारली की फुटतो. भारी मातीची तळहातावर वळी वळता येते आणि चिमटीत दाबली की लांब पट्टी निघते. खाली मुरूम किंवा कठीण थर कुठे लागतो तेही लिहून ठेवा, कारण तिथे पाणी अडते.

पिकाला घेता येईल असे पाणी वाळूसर जमिनीत मीटरभर खोलीला साधारण ६० मिमी, मध्यम जमिनीत १४० मिमीच्या आसपास आणि भारी जमिनीत २०० मिमीपर्यंत असते. त्यामुळे हलक्या जमिनीला थोडे थोडे आणि वरचेवर पाणी लागते. भारी जमिनीत पाळी लांबवता येते, पण चुकून जास्त झालेले पाणी लवकर निघत नाही.

आता आपल्या जमिनीचा 'भरलेला' बिंदू शोधा. मीटरभर लांबी-रुंदीचा तुकडा आळे करून पाण्याने पूर्ण भिजवा, प्लॅस्टिकने झाका आणि जास्तीचे पाणी निचरून जाऊ द्या. हलक्या जमिनीला एक दिवस पुरतो, भारीला दोन-तीन दिवस लागतात. जी ओल उरते ती जमिनीची जलधारण क्षमता. वाफशावर आलेली जमीन याच्या आसपास असते. याच जागेवर पुढे सेन्सर लावून त्याचा आकडा टिपून ठेवला की तुमच्या जमिनीच्या ओलाव्याची वरची मर्यादा ठरली.

२. काय मोजणारे उपकरण घ्यायचे?

इथे नवख्यांचा सर्वात मोठा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओलावा दोन प्रकारे मोजतात. पहिल्या प्रकारात माती पाणी किती घट्ट धरून बसली आहे, म्हणजे मुळाला ते ओढायला किती जोर लावावा लागेल, हे मोजतात. हा ताण सेंटीबार किंवा किलोपास्कलमध्ये देतात आणि दोन्हींचा आकडा एकच असतो. टेन्शिओमीटर आणि जिप्सम ब्लॉक (आत तारा बसवलेली, मातीत पुरायची जिप्समची वडी) या गटातले. इथे आकडा वाढला म्हणजे जमीन सुकली.

दुसऱ्या प्रकारात मातीच्या एकूण आकारमानात पाणी किती टक्के आहे हे मोजतात. बहुतेक इलेक्ट्रॉनिक सेन्सर असे असतात. पाण्याचा विद्युत अपार्यतांक (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचा आकडा) सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. या प्रचंड फरकावरून सेन्सर पाणी ओळखतो. इथे आकडा वाढला म्हणजे जमीन भिजली.

दोन्ही प्रकार एकाच शेतात वापरत असाल तर उपकरणावरच ठळक लिहून ठेवा, नाहीतर घरातला दुसरा माणूस आकडा उलटा वाचतो आणि भिजलेल्या पिकाला पुन्हा पाणी जाते.

माझे मत विचाराल तर सुरुवात टेन्शिओमीटरने करा. बॅटरी नाही, मोबाइलची रेंज नको, जमिनीतल्या क्षारांचा वाचनावर फारसा परिणाम नाही, आणि काट्याचा आकडा थेट मुळांच्या भाषेत असतो. मर्यादा एकच. साधारण ८० सेंटीबारच्या पुढे नळीत हवा शिरते आणि वाचन संपते. समुद्रसपाटीपासून बरेच उंच असाल तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते. जमीन मुद्दाम खूप सुकू द्यायची असेल, म्हणजे पिकाला ताण द्यायचा असेल, तर जिप्समवर आधारलेले ब्लॉक बरे. मात्र साधा जिप्सम ब्लॉक जमिनीत हळूहळू विरघळतो, विशेषतः सतत ओल्या जमिनीत, म्हणून तो कायमचा धरू नका.

दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांचे, मातीत खुपसायचे स्वस्त सेन्सर कुंडीत शिकायला ठीक आहेत. शेतात पट्ट्या गंजतात आणि खत दिल्यावर आकडा एकदम उसळतो. सेन्सरला ओल वाढली असे वाटते, पण वाढलेले असतात क्षार.

३. जागा निवडणे

उपकरण मुठीएवढ्या मातीचे मोजते आणि त्यावरून तुम्ही पूर्ण शेताचा निर्णय घेणार आहात. म्हणून जागा शेतासारखी हवी. बांधाची कड, झाडाची सावली, पाणी साचणारा खोलगट भाग, व्हॉल्व्हजवळची पहिली ओळ आणि टोकाची शेवटची ओळ टाळा. जाता-येता दिसावे म्हणून रस्त्याकडेला बसवण्याचा मोह होतो, पण तिथली माती चाकांनी दाबलेली असते.

एका जागी दोन खोली घ्या. एक मुळांच्या वरच्या एक तृतीयांश भागात, दुसरे दोन तृतीयांश खोलीवर. भाजीपाल्यासाठी हे साधारण १५–२० आणि ३०–४० सेंमी येते, फळझाडांसाठी ३० आणि ६० सेंमी. वरचे सांगते पाणी कधी सुरू करायचे, खालचे सांगते कधी थांबवायचे. एकच उपकरण घेऊन काम भागवणाऱ्याला यातला दुसरा प्रश्न कायम अंदाजाने सोडवावा लागतो, आणि पाणी वाया जाते ते तिथेच.

ठिबक असेल तर ड्रीपरच्या थेट खाली बसवू नका, तिथे नेहमीच ओले असते. ड्रीपरपासून १५ सेंमीच्या आसपास, ड्रीपरने भिजवलेल्या मातीच्या गोळ्याच्या आत आणि मुळांच्या दाटीत बसवा. सरी-वरंब्यावर असाल तर वरंब्याच्या उतारावर, रोपांच्या ओळीत. जमीन दोन प्रकारची असेल तर दोन ठिकाणी मोजावे लागेल, त्याला पर्याय नाही.

४. टेन्शिओमीटर बसवणे

हे काम घाईत होत नाही. दोन दिवस राखून ठेवा.

पहिल्या दिवशी खालचा सच्छिद्र कप बादलीत बुडवून रात्रभर ठेवा. कपाला उघड्या हाताने धरू नका, हाताच्या तेलाने छिद्रे बुजतात. पाणी उकळून गार केलेले घ्या म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते. नळी काठोकाठ भरा, हलक्या टिचक्या मारून बुडबुडे वर आणा. हातपंप मिळाला असेल तर त्याने ओढून उरलेली हवा काढा आणि पुन्हा भरून झाकण लावा.

आता शेतात नेण्यापूर्वीची परीक्षा. उपकरण बादलीतून काढून वाऱ्यावर धरा. कपाच्या अंगावरची ओल उडू लागली की थोड्याच वेळात काटा हलतो आणि दहा, वीस, तीस असा चढू लागतो. कप परत पाण्यात बुडवला की काटा झरझर खाली येतो. असे झाले तर उपकरण जिवंत आहे. काटा जागचा हलला नाही तर कुठेतरी हवा शिरते आहे. बहुधा झाकणाची रबरी चकती किंवा गेजचा आटा सैल असतो.

शेतात गिरमिटाने नेमक्या खोलीचे भोक घ्या. तळातून निघालेली माती चाळून, खडे काढून, पाण्यात कालवून पातळ रबडी करा. पेलाभर रबडी भोकात ओता आणि उपकरण हळूहळू दाबत खाली बसवा. कपाभोवती रबडी वर सरकताना जाणवली पाहिजे. उरलेली फट मातीने भरा, काठीने ठोका आणि नळीभोवती मातीचा छोटा उंचवटा करा, नाहीतर पावसाचे पाणी नळीच्या कडेने थेट कपापर्यंत उतरते.

मी पहिल्या वेळी रबडी न करता, पहारीने भोक पाडून नळी नुसती खुपसली होती. काटा दिवसेंदिवस चढत राहिला आणि मी पाणी देत राहिलो. उपटून बघितले तर कपाभोवती बोटभर पोकळी होती. कप मातीला टेकलेलाच नव्हता.

बसवल्यावर एक दिवस थांबा, मग वाचन धरा. वाचन रोज सकाळी लवकर, एकाच वेळी घ्या. दुपारच्या उन्हात नळी तापून आकडा हलतो. आणखी एक: गेज वर आणि कप खाली असतो, त्यामुळे नळीतल्या पाण्याच्या उंचीमुळे दर १० सेंमीला साधारण १ सेंटीबार जादा दिसतो. ३० सेंमीच्या उपकरणावर अगदी चिखलातही काटा ३–४ दाखवेल. गेज बिघडला म्हणून परत पाठवू नका.

५. इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवताना

इथेही शत्रू तोच, हवेची पोकळी. सेन्सर जेमतेम काही सेंटिमीटर परिघातली माती बघतो, त्यामुळे पात्याला चिकटलेली मिलिमीटरभर फटही आकडा पाडते. खड्डा खणून त्याच्या न हललेल्या भिंतीत सेन्सर आडवा दाबा, मग माती काढली त्याच क्रमाने थराथराने परत भरा. भेगाळणाऱ्या भारी जमिनीत भेग नेमकी सेन्सरपाशी पडू शकते. आकडा अचानक कोसळला तर पाणी सोडण्याआधी खुरप्याने उकरून बघा.

वायर प्लॅस्टिकच्या पाइपमधून, नांगराच्या फाळाखालून न्या. उंदीर वायर कुरतडतात आणि आंतरमशागतीत सेन्सर तुटतात. म्हणून जागेवर उंच काठी आणि रंगीत फडके हवेच, आणि नकाशावर बांधापासूनचे अंतर पावलांत नको, मीटरमध्ये लिहा.

कारखान्यातून आलेले मापन तुमच्या मातीला जुळेलच असे नाही. पडताळा असा घ्या: सेन्सरजवळून माती काढून लगेच वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. समजा १५० ग्रॅमची १२० झाली. पाणी ३० ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या २५ टक्के. पण हे वजनाचे टक्के आहेत आणि सेन्सर दाखवतो आकारमानाचे. मातीची घनता १.३ (घन सेंमीला कोरडी माती १.३ ग्रॅम) असेल तर २५ ला १.३ ने गुणा, ३२.५ येतात. हा गुणाकार विसरून चांगला सेन्सर खोटा ठरवणारे मी पाहिले आहेत.

६. आकडा वाचणे

टेन्शिओमीटरसाठी सुरुवातीचा अंदाज असा धरा: १० च्या खाली जमीन तुडुंब, १० ते ३० मध्ये वाफसा. पाणी सुरू करण्याची पातळी हलक्या जमिनीत १५–२५, मध्यम जमिनीत ३०–५०, भारी जमिनीत ५०–६०. कोवळी भाजी असेल तर यापेक्षा अलीकडेच पाणी द्या. हे आकडे पहिल्या हंगामापुरते आहेत. आकडा बघायचा, त्याच जागेची माती मुठीत घ्यायची, दुपारी पिकाची पाने बघायची आणि तिन्ही वहीत एकाच ओळीत लिहायचे. महिन्याभरात तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सलग आकड्यांचा उतार जास्त बोलतो. वरच्या सेन्सरवर दिवसा ओल घटते आणि रात्री घट थांबते, म्हणजे मुळे पाणी ओढत आहेत. ओल घटायचीच थांबली तर दोन शक्यता असतात, माती फार सुकली किंवा मुळे गुदमरली. खालच्या उपकरणात प्रत्येक पाळीनंतर ओल वाढत असेल तर पाणी मुळांच्या खाली चालले आहे आणि त्याबरोबर नत्रही. पाळीचा वेळ कमी करा. उलट खालचे उपकरण आठवडेच्या आठवडे सुकतच असेल तर पाणी वरच्या वर दिले जाते आहे आणि मुळेही वरच राहणार.

७. पाऊस

पर्जन्यमापकाइतके साधे आणि उपयोगी उपकरण दुसरे नाही. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकराला सुमारे ४,००० लिटर. उघड्यावर, तोंड अगदी समतल ठेवून बसवा. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून रिकामे करा.

आपोआप नोंद करणाऱ्या पर्जन्यमापकात छोटी बादली भरली की कलंडते, बहुधा दर ०.२ मिमीला. तिची तपासणी घरी होते. तोंडाचा व्यास २० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, म्हणजे १० मिमी पावसाला ३१४ मिलिलिटर पाणी. एवढे पाणी थेंबाथेंबाने ओता, ५० वेळा कलंडायला हवी. कोळ्याची जाळी आणि पानांचा कचरा नरसाळ्यात अडकला की ऐन पावसात शून्य दिसते, म्हणून शेजारी साधा नळकांडी पर्जन्यमापक ठेवाच. मुसळधार पावसात कलंडणारी बादली थोडे कमीच मोजते.

८. तापमान, आर्द्रता, वारा

तापमापक भिंतीवर टांगला तर तो भिंतीचे तापमान सांगतो. हवेचे हवे असेल तर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवा. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १९ व्या शतकात ही पेटी केली आणि आजही हवामान केंद्रांवर तीच दिसते. दार उघडताना ऊन आत जाऊ नये म्हणून उत्तर गोलार्धात ते उत्तरेला ठेवतात, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला.

ओल्या-कोरड्या फुग्याच्या आर्द्रतामापकात (दोन तापमापक, त्यातल्या एकाच्या फुग्यावर ओले कापड) कापड स्वच्छ आणि पाणी शुद्ध हवे. मळके किंवा सुकलेले कापड आर्द्रता जास्त दाखवते. इलेक्ट्रॉनिक आर्द्रतामापक कालांतराने सरकतो. तो तपासायला झाकणाच्या डब्यात वाटीभर मिठाचा ओला लगदा करा, लगद्याला न टेकवता सेन्सर शेजारी ठेवा, डबा बंद करून रात्रभर राहू द्या. खोलीच्या तापमानाला सकाळी ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा यायला हवा. जितका फरक दिसेल तितका वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

रोगांसाठी नुसती आर्द्रता पुरत नाही. केवडा किंवा करप्यासारख्या बुरशींना पान किती तास ओले राहिले हे महत्त्वाचे असते. पर्णओलावा सेन्सर घेतलाच तर तो पिकाच्या पानोऱ्याच्या उंचीवर, थोडा तिरका लावा. छतावर लावलेला सेन्सर पिकातले दव सांगत नाही.

वाऱ्याचा अंदाज तुमच्या नोंदीपेक्षा जास्त दिसला तर गोंधळू नका. हवामान खाती वारा १० मीटर उंचीवर मोजतात, शेतीचे गणित २ मीटरवर चालते. फवारणीच्या वेळी जोराचा वारा नको हे सगळ्यांना माहीत असते. पण पहाटेची अगदी स्तब्ध हवाही धोक्याची, कारण जमिनीलगत गार हवेचा थर अडकलेला असतो आणि बारीक थेंब त्यात तरंगत भलतीकडे जातात.

९. पाण्याचा हिशेब

हवामानावरून गरज काढायची आणि जमिनीच्या आकड्यावरून ती तपासायची, हा क्रम ठेवा. बाष्पीभवन पात्र (प्रमाण पात्राचा व्यास १२०.७ सेंमी, खोली २५ सेंमी) असेल तर एक उदाहरण घ्या. दिवसाचे बाष्पीभवन ६ मिमी. पात्रातल्या बाष्पीभवनावरून शेताची गरज काढायचा पात्र गुणांक साधारण ०.७ धरला तर ४.२ मिमी. पूर्ण वाढलेल्या टोमॅटोचा पीक गुणांक (पीक आणि त्याच्या वाढीनुसार गरज बदलणारा आकडा) १.१५, म्हणून ४.८ मिमी. दोन ओळींत दीड मीटर आणि दोन झाडांत अर्धा मीटर अंतर असेल तर एका झाडाची जागा ०.७५ चौरस मीटर, पाणी ३.६ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४ लिटर. ताशी २ लिटरचा एक ड्रीपर असेल तर २ तास.

स्वयंचलित हवामान केंद्र असेल तर ६ ला ०.७ ने गुणण्याची पायरी नको. ते ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रतेवरून थेट ४.२ च्या जागचा आकडा देते. त्यावर पुन्हा ०.७ लावला तर पिकाला कायम कमी पाणी जाते.

हलक्या सरीचा पाऊस या हिशेबातून वजा करू नका. दोन-तीन मिमी पाणी पानांवर आणि वरच्या मातीतच उडून जाते. मुळांपर्यंत काय पोचले ते वरचा सेन्सर सांगेल.

१०. स्वयंचलित केंद्र घेण्याआधी विचारायचे प्रश्न

नोंदी तुम्हाला स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येतात का? वर्गणी थांबवली तर जुन्या नोंदी राहतात का? रेंज गेली तर उपकरण आत किती दिवसांचे आकडे साठवते? बॅटरी आणि सेन्सर सुटे मिळतात का? उत्तरे लेखी घ्या. माझ्या एका केंद्राच्या दोन हंगामांच्या नोंदी सेवा बंद होताच दिसेनाशा झाल्या. उरले ते फक्त हाताने वहीत लिहिलेले.

वहीत दर दिवसाला एक ओळ पुरते: तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, पाऊस, कमाल, किमान, पाणी किती वेळ दिले, आणि शेवटी पीक कसे दिसते. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका.

११. हंगाम संपल्यावर

टेन्शिओमीटर ओढून काढू नका, कप तुटतो. भोवती पाणी ओतून माती सैल करा आणि फावड्याने मोकळा करून अलगद उचला. नळीतले पाणी काढा, कप स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशने धुवा, साबण लावू नका. पाणी गोठेल एवढी थंडी पडत असेल तर हे काम थंडीच्या आधीच उरका, कारण बर्फ कप आणि गेज दोन्ही फोडते. कप सावलीत पूर्ण वाळू द्या, कापडात गुंडाळा आणि प्रत्येक उपकरणाला तो कुठल्या जागेवर, किती खोलीवर होता याची चिठ्ठी बांधून ठेवा.